लग्नाआधीचे घास
(मंडळीतील वर्गाकरिता व घरच्या उपासनेकरिता पाठ)



कापसाची शेवटची वेचणी आटोपली व तूर घरात आली, म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत सोयरिकीची बोलणी सुरू होतात. मुलगी पाहिली जाते, सुपारी फुटते, साखरपुडा होतो, आणि तेथून लग्नाच्या दिवसापर्यंत दोन, तीन, कधी पाच महिनेही जातात. विवाहविधीविषयी पाळक उपदेश करितात, संसाराविषयीही मंडळीत पुष्कळ बोलले जाते. परंतु ह्या मधल्या महिन्यांविषयी शिक्षण क्वचितच दिले जाते. ह्याच काळात आप्तांच्या घरी जेवणे होतात, बस्ता बांधला जातो, मांडवाची व बेंडबाजाची बोलणी ठरतात, आणि घरावर ऋण चढते तेही बहुधा ह्याच काळात. म्हणून ह्या आठवड्याचा पाठ ह्या मधल्या महिन्यांविषयी घेतला आहे.

वर्ग घेण्यापूर्वी प्रचारक बंधूंनी शास्ते ह्या पुस्तकाचा चौदावा अध्याय, योहानकृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायाचा आरंभ आणि लूककृत शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय वर्गास मोठ्याने वाचून दाखवावा.

१. गडंगनेर म्हणजे काय?

पुण्याकडे ज्यास केळवण म्हणतात, त्यास आपल्या मराठवाड्यात गडंगनेर किंवा गडगनेर असे म्हणतात. लग्न ठरले की मामा, मावशी, आत्या, चुलते, शेजारी व स्नेही हे नवऱ्या मुलास किंवा नवऱ्या मुलीस, आईबापांसह, आपल्या घरी जेवावयास बोलावितात. पाट मांडून मानाने बसवितात. कोणाच्या घरी पुरणपोळी होते, कोणाच्या घरी शेवयांची खीर, कोणाच्या घरी कोंबडे कापले जाते, तर कोणाच्या घरी भाकरी, वांग्याची भाजी व गूळतूप एवढेच असते. जेवण झाल्यावर यजमानीण आपल्या ऐपतीप्रमाणे खण, टोपी, टॉवेल किंवा एखादे भांडे देते.

त्याच दिवसांत लग्नघरी शेजारच्या बायका जमून शेवया वळतात, पापड लाटतात, कुरडया घालतात. पूर्वी जात्यावर हळद दळतानाही अशाच बायका जमत. ह्या कामास मजुरी नसते. ज्या घरी आज काम केले, त्या घरची बाई उद्या आपल्या घरी येईल, एवढाच त्यातील व्यवहार.

ह्या रीतीत मूळचे वाईट असे काही नाही. उलट पुष्कळ चांगले आहे. नवरी मुलगी मंठ्याकडची असून भोकरदनकडे जावयाची असेल, तर आपल्या माणसांत बसून जेवण्याचे हे तिचे शेवटचे दिवस असतात. ज्या घरांनी तिला लहानाचे मोठे होताना पाहिले, ती घरे तिला एकेक करून बोलावितात व आपल्या हाताने वाढतात. आपल्या मंडळ्यांत कोणी उत्साहाने ह्या रीतीस जुन्या चालीरीतींत लोटून टाकू पाहतात. त्यांस आमचे सांगणे असे की, रोगट फांदी छाटावी, परंतु झाड उपटू नये.

२. एका घासाने काय होते?

एकत्र जेवणे ही आपल्या देशात कधीच लहान गोष्ट नव्हती. आपल्या जिल्ह्यातील मंडळ्यांच्या इतिहासाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या रेव्हरंड नारायण शेषाद्री ह्यांचा बाप्तिस्मा १८४३ साली मुंबईस झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा त्या वेळी अल्पवयी मुलगा असून मिशनऱ्यांच्या घरी राहत होता. न्यायालयाने त्यास बापाच्या स्वाधीन केले. परंतु मुलगा घरी परत आला तरी प्रश्न मिटला नाही. तो ख्रिस्ती लोकांबरोबर जेवला होता. तेव्हा त्यास जातीत घ्यावे की न घ्यावे, ह्यावरून मुंबईच्या हिंदू समाजात मोठे वादळ उठले. प्रायश्चित्त देऊन त्यास परत घ्यावे, ह्या बाजूने 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले व त्यांस त्याकरिता पुष्कळ विरोध सोसावा लागला.

पुढे १८६० च्या दशकात नारायण शेषाद्री जालन्यास येऊन काम करू लागले. जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाचे गाव वसविले, व निरनिराळ्या खेड्यांतून आलेली ख्रिस्ती कुटुंबे तेथे एकत्र नांदू लागली. एका पंगतीवरून घर तुटते हे ज्यांनी स्वतः पाहिले, त्यांच्या हातून एका पंगतीने घर जोडणारे गाव उभे राहिले, ही गोष्ट मनन करण्याजोगी आहे.

ह्यावरून काय शिकावे? जो आपल्याला घास देतो तो आपला होतो, असे आपले लोक फार पूर्वीपासून मानीत आले आहेत. गडंगनेराचा अर्थही हाच. वाढणारे घर ताटातून असे सांगते की, "बाई, तू आमची आहेस." हे बोलणे खरे आहे की वरवरचे, ह्याची परीक्षा पुढे होते.

३. शमशोनाच्या लग्नाची मेजवानी

शास्त्रात लग्नाच्या एका मेजवानीची सविस्तर हकीकत आहे, आणि तिचा शेवट भयंकर आहे. शमशोनाने तिम्ना येथे सात दिवसांची मेजवानी केली. तीस सोबती जमले. आनंदाच्या भरात नवऱ्याने कोडे घातले व पैज मारिली: कोडे सुटले तर तीस तागाची वस्त्रे व तीस पोशाख त्याने द्यावे, न सुटले तर त्यांनी त्यास द्यावे. आपल्या भाषेत सांगावयाचे तर सारा बस्ताच पैजेस लागला.

सोबत्यांस उत्तर सापडेना. तेव्हा ते नवरीकडे गेले, आणि आम्हांस लुबाडण्याकरिताच येथे बोलाविले काय, असे तिला विचारून, तुला व तुझ्या बापाच्या घराला आग लावू, अशी धमकी त्यांनी दिली. ती मेजवानीचे दिवस रडत राहिली. शेवटी कोडे फुटले. शमशोनाने अष्कलोन येथे तीस माणसे मारून त्यांचे कपडे आणून पैज फेडिली. नवरी दुसऱ्यास दिली गेली. आणि पुढच्या अध्यायात तिला व तिच्या बापाला खरोखरच जाळून मारल्याचे आपण वाचतो.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. पहिली ही की, पाहुण्यांस आपण लुबाडले जात आहो असे वाटू लागले. ज्या गरीब मावशीस पाचशे रुपयांच्या लुगड्याऐवजी दोन हजारांचे लुगडे नेणे भाग पडते, तिच्याही मनात हेच येते; ती फक्त बोलून दाखवीत नाही. दुसरी गोष्ट ही की, पैज पुरुषांनी मारिली, परंतु रडली ती नवरी, आणि मेली तीही नवरीच. मोठेपणाकरिता केलेल्या खर्चाचे ओझे शेवटी कोणाच्या डोक्यावर येते, हे प्रत्येक कुटुंबाने ह्या अध्यायावरून पाहावे.

४. खर्च आणि उचल

शेतकऱ्याचे दारिद्र्य लग्नकार्यांमुळे होते, असे पुष्कळ शिकलेले लोक पूर्वीपासून म्हणत आले आहेत. १८७५ साली पुणे व अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) ह्या जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले. त्यांच्या चौकशीकरिता जो आयोग नेमला गेला, त्याने मात्र असे नमूद केले की, लग्नाच्या खर्चास कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे. लग्न काही दरवर्षी होत नाही. बी, बैल, पोट व सारा ह्यांची गरज मात्र दरवर्षी येते. म्हणून गरिबावर उधळेपणाचा आळ घेताना आपणही जपून बोलावे. एका दिवसाच्या आनंदाने कोणी भिकेस लागत नाही.

तथापि त्याच आयोगाने हेही सांगितले की, शेतकऱ्याच्या ऐपतीच्या मानाने हा खर्च जास्तच असतो. आणि ज्या घरावर आधीच बियाण्याचे व खताचे देणे आहे, त्यावर लग्नाचे देणे आले म्हणजे काय होते, हे आपण पाहतोच. समजा, एका बापाने एक लाख रुपये दरमहा शेकडा तीन रुपयांप्रमाणे काढले. महिन्याचे व्याज तीन हजार, वर्षाचे छत्तीस हजार, आणि मुद्दल जसेच्या तसे. एक वर्ष पाऊस चुकला की ते व्याजही मुद्दलात जाते. बचत गटाचे किंवा फायनान्स कंपनीचे कर्ज असेल तर व्याज कमी असेल, परंतु हप्ता आठवड्याला किंवा महिन्याला दाराशी उभा राहतो.

ह्याहून कठीण गोष्ट उचलीची आहे. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा ह्या तालुक्यांतून पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात. मुकादम आगाऊ रक्कम देतो, तिलाच उचल म्हणतात. आणि नवराबायकोच्या जोडीस एक कोयता असे मोजतात. लग्नाकरिता उचल घेतली, तर ज्या मुलीच्या हातांस अजून हळद लागावयाची आहे, त्या हातांतील कोयता आधीच विकला गेला असे होते. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली आहे, आणि आगाऊ रकमेपोटी किंवा रूढीच्या बंधनापोटी सक्तीने करून घेतलेले कामही त्या कायद्याने वेठबिगारीतच मोडते. परंतु कायदा खेड्यात पोहोचण्यापूर्वी मुकादम पोहोचतो. म्हणून उचल घेऊन मांडव घालू नये, हा नियम प्रत्येक मंडळीने आपला करावा.

अलीकडे ह्यात नवी भर पडली आहे. साखरपुडाच लग्नाएवढा होऊ लागला आहे. हळदीस डीजे आणितात. 'प्री-वेडिंग' म्हणून नवरानवरीचे चित्रीकरण करण्याकरिता दूरच्या ठिकाणी जातात व ते चित्र मांडवात मोठ्या पडद्यावर दाखवितात. हौस असणे हे पाप नव्हे. परंतु शेजाऱ्याने केले म्हणून आपण करावयाचे, ही हौस नव्हे. ती शमशोनाची पैज होय.

आपल्या महाराष्ट्रात ह्याचे उत्तरही फार पूर्वी दिले गेले आहे. २५ डिसेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाच्या पद्धतीचा पहिला विवाह सावित्रीबाई फुले ह्यांच्या पुढाकाराने झाला. त्यास विड्यासुपारीपलीकडे फारसा खर्च आला नाही. ते लग्न थाटावाचून झाले, तरी आज दीडशे वर्षांनंतरही लोकांस त्याचे स्मरण आहे.

५. कायदा काय मागतो?

समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली आपल्याच जिल्ह्यातील जांब ह्या गावी, घनसावंगी तालुक्यात झाला. लग्नाच्या वेळी 'सावधान' हा शब्द कानी पडताच ते बोहल्यावरून निघून गेले, अशी परंपरागत कथा सर्वांस ठाऊक आहे. नवऱ्यांनी पळून जावे असे आम्ही सुचवीत नाही. परंतु सावध होण्याची खरी वेळ बोहल्यावर उभे राहिल्यावरची नसून तीन महिने आधीची आहे, एवढे ह्यावरून समजावे.

१८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे भारतीय ख्रिस्ती वधूवरांच्या लग्नास काय लागते? वराचे वय २१ वर्षांचे व वधूचे १८ वर्षांचे पुरे असावे. दोघांपैकी कोणाचाही पती किंवा पत्नी हयात नसावी. परवाना असलेल्या इसमासमोर व निदान दोन विश्वासू साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांचा स्वीकार करावा. ह्यात मांडव नाही, बस्ता नाही, मोटारींची रांग नाही. कायदा वय पाहतो, संमती पाहतो आणि साक्षीदार मागतो. बाकीचे सर्व एक तर प्रीतीचे असते किंवा दिखाव्याचे.

वयाविषयी स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण आपल्या भागात ही गोष्ट अजून संपलेली नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणे बालविवाह लावणाऱ्यास व त्यास साह्य करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आईबाप किंवा पालक ह्यांनी अशा लग्नास उत्तेजन दिले, ते होऊ दिले किंवा त्यात नुसता भाग घेतला, तरी तोही गुन्हाच आहे. तेव्हा चौदापंधरा वर्षांच्या मुलीच्या गडंगनेराचे बोलावणे आले, तर ताटावर बसण्यापूर्वी तिचा शाळेचा दाखला पाहावा. बोलून उपयोग होत नसेल तर ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यास किंवा अंगणवाडी सेविकेस कळवावे, अथवा १०९८ ह्या क्रमांकावर फोन करावा. हे चहाडी करणे नव्हे. हे लेकराचे रक्षण करणे होय.

आहेराविषयीही कायद्याचे म्हणणे आहे. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने हुंडा देणे व घेणे हे दोन्ही गुन्हे ठरविले आहेत. न मागता, रीतीप्रमाणे व ऐपतीच्या आत दिलेल्या भेटींस तो आडकाठी करीत नाही. परंतु त्यांची यादी ठेवावी, असे १९८५ चे नियम सांगतात. वधूला मिळालेल्या वस्तूंची यादी वधूने ठेवावयाची असते. आपल्या घरोघरी आहेराची वही असतेच. परंतु ती कोणाला किती परत करावयाचे हे पाहण्याकरिता असते. तीच वही मुलीच्या हक्काचा पुरावा म्हणून तिच्या हाती द्यावी. मग त्या वहीचे चीज होईल.

६. काना येथील रांजण

गालीलातील काना येथे लग्नघरी द्राक्षारस संपला. घरधन्यास मोठी लाज येण्याचा तो प्रसंग होता. त्या वेळी काय झाले ते पाहा. मरियेने यजमानास बोल लाविला नाही. कमी पडले ते योग्य ठिकाणी हळूच सांगितले. चाकरांनी सहा दगडी रांजण काठोकाठ भरिले, आणि एकेका रांजणात दोनतीन मण पाणी मावत होते, म्हणजे ते काम लहान नव्हते. भोजनकारभाऱ्यास शेवटपर्यंत ठाऊक नव्हते; पाणी काढणाऱ्या चाकरांस मात्र ठाऊक होते, आणि त्यांनी त्याचा गवगवा केल्याचे शास्त्रात कोठेही नाही.

लग्नघरी साह्य कसे करावे ह्याचा हा नमुना आहे. ज्यास कमी पडते त्याची कमी झाकावी; ती चव्हाट्यावर आणू नये. मंडळीत एखादे घर असे असते की, त्यास नवरीला जेवावयास बोलाविण्याची फार इच्छा आहे, परंतु घरात पीठ नाही. अशा विधवेस किंवा मजुरास वगळून बाकीच्यांनी गडंगनेरे केली, तर ज्या रीतीने नाते जोडावे तिनेच ते तुटते. म्हणून अशा तीनचार घरांनी मिळून रविवारी उपासनेनंतर एकच गडंगनेर करावे: एकीने पीठ आणावे, एकीने डाळ, एकीने नुसते सरपण. नावे सर्वांची घ्यावी, वाटा कोणाचाही मोजू नये. मंडळीने चार मोठी पातेली, ताटे व दोन सतरंज्या घेऊन ठेवाव्या, म्हणजे भाड्याचा खर्चही वाचेल.

७. आप्त ख्रिस्ती नसतील तर

आपल्यापैकी पुष्कळांचे मामा, आत्या, चुलते आपल्या पूर्वीच्या धर्मात आहेत. त्यांच्या घरचे बोलावणे आले तर जावे की नाही, असा प्रश्न प्रचारकांस वारंवार विचारला जातो. ह्याविषयी पौलाने करिंथ येथील मंडळीस जो सल्ला दिला तो आपणांस पुरेसा आहे: विश्वास न ठेवणाऱ्याने बोलाविले व जाण्याची इच्छा असली, तर जावे आणि वाढतील ते शंका न काढता खावे.

देवक बसविणे, मुहूर्त पाहणे ह्यांत आपण भाग घेत नाही, हे आधीच नम्रपणे सांगावे. ताटावर बसून वाद घालू नये. म्हाताऱ्या मामीने आपल्या रीतीप्रमाणे ओवाळावयास घेतले, तर तिची माया ओळखावी व तिच्याशी गोड बोलावे. आणि आपण त्यांस उलट बोलाविण्यास चुकू नये. जे नाते शंभर वर्षांत तुटले नाही, ते आपल्या फाजील कडकपणाने तुटू नये.

८. विचारण्याचा काळ

आता पाठाच्या मुख्य गोष्टीकडे येऊ. आपल्या मंडळ्यांत लग्नाआधी सामान्यतः तीन रविवार विवाहाची सूचना वाचली जाते, आणि कोणास काही हरकत ठाऊक असल्यास कळवावी असे सांगितले जाते. हे कशाकरिता? लग्नाआधीचा काळ नुसता तयारीचा नसून विचारण्याचाही आहे, असे मंडळीने मानिले म्हणूनच. गडंगनेर हेही तसेच आहे. तीन रविवारी मंडळी जे उघडपणे विचारिते, तेच आत्याने व मावशीने आपल्या चुलीजवळ मायेने विचारावे.

मुलगी आपल्या घरी बापासमोर बोलणार नाही. सासरच्या माणसांसमोर तर मुळीच नाही. परंतु जेवण झाल्यावर मावशीबरोबर भांडी घासताना ती बोलेल. तेव्हा तिला विचारावे: बाई, हे लग्न तुझ्या मर्जीने आहे ना? त्या मुलाशी तू बोललीस का? त्यांनी काही मागितले आहे का? तुझी शाळा पुढे चालेल का? मुलालाही मामाने असेच विचारावे: तुला दारूचे व्यसन आहे का? कोणाचे देणे आहे का? हिला मारणार नाहीस, असे माझ्या घरी जेवून मला सांगतोस का?

येथेच मोठ्या खर्चाचा खरा दोष दिसून येतो. ज्या घराने कर्ज काढून बस्ता बांधला, मांडवास इसार दिला, पाचशे पत्रिका वाटल्या, त्या घरात मुलीने "नको" म्हटले तर कोण ऐकेल? तिचे तोंड त्या पैशानेच बंद होते. जितका थाट मोठा, तितके मागे फिरणे कठीण. साध्या रीतीने चाललेल्या घरात मात्र साखरपुडा मोडला तरी चार दिवसांची कुजबुज होते व विसरली जाते. मोडलेल्या साखरपुड्याची लाज लहान आहे. मोडलेल्या माणसाचे दुःख मोठे आहे. म्हणून खर्च कमी ठेवणे ही केवळ काटकसर नव्हे. त्यामुळे मुलीला बोलावयास जागा राहते.

आणि घास देणाऱ्याचे काम लग्नाबरोबर संपत नाही. ज्या घरी नवरी जेवली, त्या घरचे दार तिला पुढेही उघडे असले पाहिजे. सासरी मारहाण झाली, हुंड्याकरिता छळ झाला, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याने तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क व न्यायालयाचे संरक्षण दिले आहे. परंतु कोर्टाची पायरी चढण्यापूर्वी तिला एक रात्र काढावयास घर लागते. त्या वेळी, "दिल्या घरी राहावे, पोरी," असे म्हणून तिला परत लावून देणाऱ्याने गडंगनेरात वाढलेली पुरणपोळी व्यर्थ घालविली. वाढताना "तू आमची" म्हटले होते. ते खरे करून दाखविण्याची वेळ तीच होय.

९. मंडळीकरिता काही सूचना

पहिली: साखरपुडा होताच दोन्ही घरच्या वडिलांनी, पंचांपैकी एकास बसवून, खर्चाचा एक कागद करावा. बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करितो, असे प्रभूने सांगितले आहे. मांडव घालणाऱ्यानेही तसेच करावे. कागदात जे नाही ते करू नये.

दुसरी: गडंगनेरास आहेर मागू नये व तोलू नये. काही द्यावयाचेच असेल तर दोनचार घरांनी मिळून मुलीच्या स्वतःच्या नावे बँकेत खाते उघडून द्यावे. लुगडे विटते, आपल्या नावाचे पासबुक अडचणीत कामास येते.

तिसरी: मुलीचे शाळेचे दाखले, आधार कार्ड, पासबुक व आहेराची यादी एका पिशवीत घालून तिच्याच हाती द्यावी, व ती तिच्याजवळच राहील असे सासरच्या वडिलांस सर्वांसमक्ष सांगावे.

चौथी: प्रत्येक गडंगनेरात घरच्या एका प्रौढ बाईने नवरीशी एकांतात बोलावे. काही गंभीर कळले तर ते गावभर न करिता पाळकास किंवा विश्वासू वडिलांस कळवावे.

पाचवी: लग्नानंतर तीन महिन्यांच्या आत, ज्या घरांनी गडंगनेर केले त्यांपैकी एकाने सासरी जाऊन मुलीची विचारपूस करावी. मोटारीचे भाडे दोन घरांनी वाटून घ्यावे.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. शमशोनाच्या मेजवानीत पैज कोणी मारिली व तिचे फळ कोणास भोगावे लागले? आपल्या गावात असे कोठे होते?

२. काना येथील चाकरांनी यजमानाची लाज कशी राखिली? आपल्या मंडळीत ह्या वर्षी ज्या घरी लग्न आहे, तेथे कोणते रांजण भरावयाचे आहेत?

३. उचल किंवा व्याजाचे पैसे घेऊन लग्न केल्यास नवरानवरीच्या पहिल्या वर्षात काय घडते? हिशेब मांडून पाहा.

४. १८७२ च्या कायद्याप्रमाणे ख्रिस्ती लग्नास कोणत्या गोष्टी आवश्यक आहेत? बाकीच्यांपैकी आपण कोणत्या ठेवाव्या व कोणत्या सोडाव्या?

५. तुमच्या घरी जेवून गेलेली शेवटची नवरी कोण? ती आज कशी आहे, हे तुम्हांस ठाऊक आहे काय?

प्रचारक बंधूंनी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर वर्गात मागू नये. प्रत्येकाने घरी जाऊन त्याचा विचार करावा, आणि उत्तर ठाऊक नसेल तर येत्या बाजाराच्या दिवशी त्या गावास जाऊन तिला भेटून यावे.